स्वतंत्र मजूर पक्ष: सहा वर्षांच्या आत गुंडाळला, तो नेमका कशामुळे?

रोजकीर्द
डॉ. आंबेडकरांनी १५ ऑगस्ट १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या १७ जागा लढवून १४ जिंकल्या. सहा महिन्यांपूर्वी जन्मलेल्या पक्षासाठी हा निकाल थक्क करणारा आहे. आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे राहिले, तेव्हा या पक्षाचे दुकान बंद झाले.

बहुतेक ठिकाणी एकाच ओळीत कारण सांगितलेले असते: ब्रिटिश मंत्री क्रिप्स घटनेची योजना घेऊन आले, त्यांनी फक्त जातीधर्मांच्या संघटनांना मोजले, म्हणून पक्ष बदलावा लागला. मला हे अर्धेच उत्तर वाटते. मार्च १९४२ मध्ये क्रिप्स दिल्लीत उतरले तेव्हा हा पक्ष काय करत होता, हे कोणी विचारत नाही. माझे मत असे की पक्ष १९३९ च्या अखेरीसच थंडावला होता आणि क्रिप्स हे फक्त निमित्त.

जाणकारांनी तारखा, कायदे, मतदारसंघ यांच्या आधारे लिहावे. जयजयकार आणि शिव्या दोन्हींसाठी इतर जागा भरपूर आहेत.

शंकासुर
नाव मजूर पक्ष आणि १४ पैकी ११ जागा राखीव. संपला विषय. दलितांचाच पक्ष होता, पाटी बदलली होती, १९४२ ला जुनी पाटी परत लावली. एवढ्यासाठी धागा?

बखरवाचक
@शंकासुर, उरलेल्या ३ जागांकडे बघा, खरी गंमत तिथे आहे. पक्षाने १३ राखीव आणि ४ सर्वसाधारण जागा लढवल्या. सर्वसाधारण ४ पैकी ३ आल्या, आणि तिन्ही कोकणात: अनंत चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, श्यामराव परुळेकर. तिघेही सवर्ण. चित्रे आणि टिपणीस १९२७ च्या महाड सत्याग्रहापासूनचे सोबती, टिपणीस तर महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते. परुळेकर भारत सेवक समाजातून आलेले.

आता प्रश्न असा की कोकणच का? देशावर किंवा खानदेशात अशी एकही सर्वसाधारण जागा का नाही? उत्तर आहे खोती.

मधली सुट्टी
खोती म्हणजे काय ते कोणी सोपे करून सांगेल का? शाळेत एका ओळीत उरकले होते.

बखरवाचक
थोडक्यात सांगतो. देशावर रयतवारी होती, म्हणजे शेतकऱ्याचे नाव सरकारी दप्तरात आणि सारा थेट सरकारला. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांच्या मोठ्या भागात मात्र मध्ये खोत होता. गावाचा ठरलेला सारा खोताने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपला हिस्सा वसूल करायचा. हा हिस्सा साऱ्याच्या कितीतरी पट. भाताच्या जमिनीवर अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. वरकस, म्हणजे हलक्या डोंगरउताराच्या जमिनीवर तिर्धेल, म्हणजे एक तृतीयांश. त्यावर वेठ वेगळी: खोताच्या शेतावर फुकट राबणे, लाकूडफाटा पोचवणे, पालखी उचलणे. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांना संरक्षण दिले, पण दप्तरात कोणाचे नाव कसे लागले यावर सगळे अवलंबून. ज्याचे नाव लागले नाही, तो खोताच्या मर्जीवर.

या व्यवस्थेत कुणबी, आगरी, महार, भंडारी सगळे एकाच खोताची कुळे होते. एकाच माणसाला खंड देणारे म्हणून ते एकत्र येऊ शकत होते. देशावर तसे नव्हते. तिथला मराठा शेतकरी स्वतःच खातेदार आणि महार त्याच्या गावचा वतनदार चाकर. दोघांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येणारे. म्हणून मजुरांचा पक्ष हे नाव कोकणात खरे ठरले, आणि नगर-सोलापूरकडे ते राखीव जागेपुरते राहिले.

तलाठी नव्हे
+१. चरीचा संप यात धरायलाच हवा. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी १९३३ मध्ये खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि जवळजवळ सहा वर्षे नकारच दिला. नेते नारायण नागू पाटील, कुळे मुख्यतः आगरी. पीकच काढायचे नाही, म्हणजे अर्धेलही नाही आणि स्वतःच्या पोटालाही नाही. जंगलातली लाकडे विकून, मिळेल ती मोलमजुरी करून लोकांनी दिवस काढले. आंबेडकरांनी या कुळांची बाजू उघडपणे घेतली. कुलाब्यातली जागा या पार्श्वभूमीवर वाचा, मग ती केवळ एका सवर्ण मित्राला मिळालेली जागा राहत नाही.

शंकासुर
ठीक, कोकण मान्य. पण मुंबई शहरात काय? मजूर तर तिथे होते, गिरण्या तिथे होत्या. तिथे मजूर पक्षाच्या पाठी किती गिरणी कामगार होते? लाल बावटेवाले कम्युनिस्ट होतेच.

धोटा
इथे जरा गिरणीच्या आत शिरावे लागेल.

मुंबईच्या गिरण्यांत सगळ्यात जास्त मजुरी साचाखात्यात, म्हणजे विणकामात. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. मालकाने असा नियम लिहून ठेवला नव्हता, बाकीचे कामगारच येऊ देत नसत. कारण धोट्यात (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनात) नवी कांडी घातली की सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. तोच धोटा पुढच्या पाळीच्या कामगाराच्या तोंडाला. उष्टे चालणार नाही म्हणून अख्खे खाते बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला: आमच्या माणसांना साचाखात्यात घ्या ही मागणीही संपाच्या मागण्यांत घाला.

त्यामुळे 'मजुरांच्या एकीत फूट' हा कम्युनिस्टांचा आरोप ऐकताना हे लक्षात ठेवावे की फूट पक्ष निघण्याच्या आधीच खात्याच्या दाराशी पडलेली होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे मजुरांचे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समतेचा नकार, आणि तो सगळ्या वर्गांत असतो, हेही तिथेच स्पष्ट केले. आणि तरीही त्याच वर्षी ते कम्युनिस्टांसोबत संपात उतरले. त्यावर सवडीने लिहितो.

उंटावरचा
मध्येच एक क्रिकेट. आंबेडकर मुंबईतून कोणाला हरवून निवडून आले ते कोणी लिहिलेच नाही. पळवणकर बाळू! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. काँग्रेसने त्यांना उभे केले होते. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फिरकी खेळून काढली म्हणायची.

कलम २९९
@उंटावरचा, आकडे बरोबर, पण ते १३,२४५ मतदार आहेत असे कोणी समजू नये. मुंबई इलाख्यात राखीव जागा ज्या मतदारसंघांत होत्या ते बहुसदस्यीय होते आणि तिथे मते एकवटता येत. जितक्या जागा तितकी मते हातात, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा.

हे बारीक वाटते, पण पक्षाचा निम्मा विजय इथे आहे. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले. राखीव जागेवरही सगळे हिंदू मतदार मत देणार. अशा ठिकाणी प्रत्येकाने आपली मते वेगवेगळ्या उमेदवारांत वाटायचीच असा नियम असता, तर राखीव जागेवर कोण बसणार हे बहुसंख्याकांनी ठरवले असते. मते एकवटता आली म्हणून कमी संख्येच्या मतदारांना आपली सगळी ताकद एका नावामागे लावता आली. मतदारसंघ ठरवणाऱ्या हॅमंड समितीपुढे यावरून जोरदार वाद झाला होता, आंबेडकरांचा आग्रह एकवटण्याच्या पद्धतीचा होता.

व्यवहारात याचा अर्थ असा की कार्यकर्त्याने वस्तीत जाऊन फक्त नाव सांगून भागत नाही. 'सगळी मते एकालाच, एकही बाहेर नाही' हे पढवावे लागते. उमेदवार कमी उभे करावे लागतात, नाहीतर आपलीच मते आपापसात फुटतात. १७५ पैकी फक्त १७ जागा लढवल्या, त्यामागे पैशाची चणचण होतीच, पण हे गणितही होते.

मधली सुट्टी
पुणे करारात आधी एक प्राथमिक निवडणूक होती ना? ती कुठे गेली?

कलम २९९
होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी ४ जणांची निवड करायची आणि मग त्या चौघांतून संयुक्त मतदारसंघाने एक निवडायचा. उमेदवार ४ किंवा त्याहून कमी असतील तर पहिली फेरी घ्यावीच लागत नसे. यातली खोच अशी: पहिल्या फेरीत पहिला आलेला माणूस दुसऱ्या फेरीत पडू शकतो, आणि चौथा निवडून येऊ शकतो. १९३७ मध्ये याचा फटका मुंबईत फार बसला नाही. १९४६ ला फेडरेशनला मात्र तो जबर बसला.

पाणवठा
मतदार कोण होते त्यावरही लिहा. सार्वत्रिक मताधिकार नव्हता. १९३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी लोकांना मत मिळाले, तेही जमिनीचा सारा, घरभाडे, कर किंवा शिक्षण या अटींवर. भूमिहीन माणूस यात कुठेच बसत नाही.

मग महारवाड्यातून मते आली कुठून? कायद्याच्या सहाव्या परिशिष्टात मुंबई इलाख्यातल्या अनुसूचित जातींसाठी अटी सैल केल्या होत्या. एक, साक्षर असणे पुरेसे. दोन, गावकीचे कनिष्ठ काम प्रत्यक्ष करत असणे पुरेसे, मग ते वंशपरंपरागत असो वा नसो. म्हणजे महारकी करणाऱ्याला महारकीमुळे मत. आणि पक्षाच्या मुख्य मागण्यांतली एक कोणती, तर महार वतन रद्द करा!

शंकासुर
हे भारी आहे. बसायच्या फांदीवर कुऱ्हाड, पण तत्त्वासाठी. माझा पहिला प्रतिसाद थोडा मागे घेतो. थोडाच.

तलाठी नव्हे
वतनाबद्दल भर. ते काही मानाचे वतन नव्हते. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महाराने सरकारी कागद पोचवायचे, सारा वसुलीला माणसे बोलवायची, हद्दी दाखवायच्या, अंमलदार आला की सरबराई करायची. वेळेची मर्यादा नाही. त्याबद्दल इनामाचा एक तुकडा आणि गावकऱ्यांकडून बलुते. तुकडा पिढ्यान्‌पिढ्या भावांत वाटत जाऊन काही गुंठ्यांवर येतो, काम मात्र तेवढेच राहते. आंबेडकरांनी १९२८ मध्ये या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले होते, ते पार पडले नाही. १९३७ नंतर पुन्हा प्रयत्न झाला, तोही अडकला. महार वतन प्रत्यक्षात गेले ते १९५८ च्या कायद्याने.

इथे पक्षाची एक अंतर्गत अडचणही होती. वतन सोडा म्हणजे तो जमिनीचा तुकडाही जाईल, ही भीती खुद्द महारांत होती. म्हणून मागणी नेहमी दुहेरी असे: चाकरी बंद करा आणि जमीन पूर्ण सारा आकारून आमच्याच नावावर ठेवा. फक्त पहिला भाग उचलून भाषणे ठोकणाऱ्यांना हे समजत नाही.

रोजकीर्द
चर्चा मस्त चालली आहे, पण मूळ प्रश्नाकडे यायचे तर विधानसभेत काय घडले ते हवे. खोती विधेयकाचे काय झाले?

कलम २९९
माझ्या टोपणनावाचे सार्थक करण्याची वेळ आली.

आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १७ सप्टेंबर १९३७ ला मांडले. आशय सरळ: खोताला भरपाई, मधली पायरी काढून टाकायची, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखाली भोगवटादार करायचे.

आता वाटेतले अडथळे मोजा. १९३५ च्या कायद्याच्या कलम २९९ प्रमाणे जमिनीवरचे किंवा साऱ्यासंबंधीचे हक्क नष्ट करणारे वा बदलणारे विधेयक मांडायलाच गव्हर्नरची पूर्वसंमती लागे, आणि ती त्यांच्या स्वेच्छाधिकारातली, म्हणजे मंत्र्यांचा सल्ला बंधनकारक नाही. हा पहिला दरवाजा. दुसरा, हे खासगी सदस्याचे विधेयक. सरकारी कामकाजातून उरलेल्या दिवसांतच त्याला वेळ. तिसरा, संख्याबळ. काँग्रेस ८६, बहुमताला दोन कमी, पण सर्वात मोठा पक्ष तोच आणि जुलै १९३७ पासून मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचे. आपल्या मनाने कुळकायदा आणायचा असेल तर विरोधकाचे विधेयक ते का पुढे नेतील? चौथा, मुंबईत वरिष्ठ सभागृहही होते आणि त्याचे मतदार म्हणजे मालमत्तावाले.

विधेयक पहिल्या पायरीपलीकडे गेले नाही. सरकारने १९३९ मध्ये स्वतःचा कुळकायदा केला, तोही मर्यादित. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा.

बखरवाचक
म्हणून तर १० जानेवारी १९३८ चा मोर्चा. सभागृहात वाट बंद दिसली तेव्हा रस्त्यावर आले. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक इथून हजारो शेतकरी मुंबईत उतरले आणि कौन्सिल हॉलवर गेले. ती इमारत आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. परुळेकर, कम्युनिस्ट पुढारी डांगे, गुजरातचे शेतकरी नेते इंदुलाल याज्ञिक या मोर्चात होते. शिष्टमंडळ खेरांना भेटले. खोती नष्ट करा, कसणाऱ्याचा पोटापुरता भाग आधी काढून मग सारा-खंड घ्या, गरीब शेतकऱ्याचा सारा कमी करा, अशा मागण्या. आश्वासनापलीकडे काही हाती लागले नाही.

कोकणातून मुंबईला मोर्चा आणणे तेव्हा सोपे नव्हते. रेल्वे नव्हती, खालच्या कोकणातून यायचे तर बोट. शेतकऱ्याला भाताची झोडणी उरकल्यावरच सवड. जानेवारी हा महिना उगीच निवडलेला नाही.

धोटा
आता संपाचे. सप्टेंबर १९३८ मध्ये खेर सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. वरवर पाहता गोड: आधी बोलणी, मग समेट, मग काय ते. अडचण कुठे होती ते सांगतो. समेटाची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि त्यासाठी कामगाराला शिक्षा. प्रक्रिया किती लांबवायची ते मालकाच्या हातात. तेवढ्या वेळात मालक माल साठवून ठेवतो, म्हणजे संपाचा दिवस उजाडेपर्यंत संपाची धार गेलेली. शिवाय संघटनेची नोंदणी मालकाची मान्यता असेल तर कमी सदस्यांवर, नसेल तर बऱ्याच जास्त सदस्यांवर. मालकाच्या खिशातल्या संघटनांना यातून रान मोकळे.

आंबेडकरांचा सभागृहातला युक्तिवाद वकिली थाटाचा होता: काम सोडणे हा फार तर कराराचा भंग, म्हणजे दिवाणी बाब. त्याला फौजदारी गुन्हा करणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणे, आणि त्यालाच गुलामी म्हणतात. विधेयक मंजूर झाले. मग ७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप. मजूर पक्ष, ट्रेड युनियन काँग्रेस, कम्युनिस्ट एकत्र. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गिरणगावात. कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एकाच व्यासपीठावर. पोलिसांनी गोळीबार केला.

पण दुसऱ्या दिवशी काय? हेच कोणी लिहीत नाही. कायदा होता तसाच राहिला. एक दिवसाच्या एकीतून कायमची संघटना झाली नाही. गिरणीत संघटना कोणाची, तर लाल बावट्याची. मजूर पक्षाकडे सभेला माणसे होती, पण खात्याखात्यांत वर्गणी गोळा करणारी, रोजच्या तक्रारी मिटवणारी यंत्रणा तशी नव्हती. निवडणुकीपुरता पक्ष आणि गिरणीतली युनियन ही वेगवेगळी कामे आहेत. पुढे परुळेकरही कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९४५ नंतरच्या वारली आदिवासींच्या लढ्यात पत्नी गोदावरीबाईंसोबत दिसतात. कोकणातल्या तीन सर्वसाधारण जागांपैकी एक अशी गळाली.

मधली सुट्टी
जाहीरनाम्यात काय होते? फक्त खोती आणि वतन?

पाणवठा
छे, बराच व्यापक होता. जनहितासाठी गरज असेल तिथे उद्योग सरकारी मालकीचे किंवा सरकारी व्यवस्थापनाखाली, जमिनीचे तुकडे पडतात म्हणून शेती तोट्यात, त्यावर भूतारण बँका, सहकारी उत्पादक संघ आणि विक्री संघ, कामगारांसाठी कामाचे तास, पुरेशी मजुरी, पगारी रजा, बोनस, निवृत्तिवेतन, बेकारांना जमिनीवर वसवणे आणि सार्वजनिक बांधकामे काढणे, तांत्रिक शिक्षण. खेडी सुधारायला वाचनालये, सभागृहे आणि फिरता सिनेमासुद्धा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयीसाठी ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले. सभागृहाने फेटाळला. त्या काळी या विषयावर विधानसभेत तोंड उघडायची हिंमत दुसऱ्या कोणत्या पक्षाने केली, विचार करा.

उंटावरचा
फिरता सिनेमा जाहीरनाम्यात! आजचे पक्ष उगीच टीव्ही-मिक्सर वाटतात.

शंकासुर
थोडे मागे घेतलेले परत पुढे करतो. राखीव जागांतही पक्ष सगळ्या अस्पृश्यांचा होता का? बाळू चांभार समाजातले. १९५२ ला मुंबईत लोकसभेला आंबेडकरांना हरवणारे काजरोळकरही चांभार समाजातले. काँग्रेसने दोन्ही वेळी हीच भेग शोधून उमेदवार दिला. म्हणजे मजूर सोडा, अस्पृश्यही एकत्र नव्हते.

बखरवाचक
@शंकासुर, मुद्दा रास्त आहे. पक्षाचा कणा महार समाज होता, नाकारण्यात अर्थ नाही. गायकवाड नाशिकचे, वराळे बेळगावचे, रोहम नगरचे, भोळे पुण्याचे, ही फळी १९२० आणि ३० च्या दशकातल्या सत्याग्रहांतून आणि 'जनता' पत्राच्या वाचकवर्गातून तयार झालेली. चांभार आणि मांग समाजांत अशी फळी उभी राहिली नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर धर्मांतराचा प्रश्न आला, त्यानेही अंतर वाढले, कारण बाळूंसारख्यांना धर्म सोडणे मान्य नव्हते.

मात्र 'पाटी बदलली' हे तरीही पटत नाही. निव्वळ पाटी असती तर टिपणीस-चित्रे-परुळेकरांना तिकीट देऊन हातच्या मोजक्या साधनांतली ताकद सवर्ण उमेदवारांवर कशाला घालवली असती?

हिशेबनीस
१४ की १५? काही चरित्रांत १७ पैकी १५ लिहिलेले आहे.

रोजकीर्द
@हिशेबनीस, दोन्ही आकडे छापलेले सापडतात. १३ पैकी ११ आणि ४ पैकी ३ ही फोड देणारे १४ म्हणतात, आणि मी फोड असलेला आकडा घेतला. एका जागेने इथल्या कोणत्याही युक्तिवादाला धक्का लागत नाही.

आता माझा मूळ मुद्दा, वरच्या तपशिलांसह. विधानसभेचे काम जुलै १९३७ ला धड सुरू झाले. त्याआधी कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धाच्या मुद्द्यावर काँग्रेसने राजीनामे द्यायचे ठरवले, नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळ गेले, कलम ९३ खाली गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. विधानसभा बसलीच नाही. पुढची निवडणूक थेट १९४६.

म्हणजे ज्या पक्षाची हत्यारे विधेयक, प्रश्न, कपात सूचना आणि अर्थसंकल्पावरचे भाषण ही होती, त्याला ती वापरायला मिळाली फक्त सव्वादोन वर्षे. लाल बावट्याला विधानसभा बंद झाल्याने फरक पडत नाही, त्याचे काम गिरणीत. काँग्रेसलाही नाही, तिच्याकडे तुरुंगाचा रस्ता आहे. मजूर पक्षाकडे यातले काहीच नव्हते. नंतरचे त्याचे काम पाहा: वतनाच्या जमिनीवरचा वाढीव कर, वेठ, सैन्यभरती. डिसेंबर १९३९ ला हरेगावची परिषद भरली ती महार-मांग वेठियांची. कुळे आणि गिरणी कामगार या दोन्ही आघाड्या हातून सुटत चालल्या होत्या, क्रिप्स यायच्या कितीतरी आधी.

कलम २९९
सभागृह बंद पडण्याचा मुद्दा महत्त्वाचा, आणि तो सहसा सुटतो. पण क्रिप्सना नुसते निमित्त म्हणणे मला मान्य नाही. ३० मार्च १९४२ ला आंबेडकर आणि मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा क्रिप्सना भेटले. त्या योजनेत घटना समिती प्रांतिक विधानसभांतून निवडली जाणार होती. ज्या विधानसभांत संयुक्त मतदारसंघाने आलेले राखीव सदस्य, त्याही तुकड्यातुकड्यांत. मजूर म्हणून प्रांतिक पक्ष चालवणाऱ्याला तिथे जागा शून्य. मुंबई इलाख्यातल्या १४ जागा आणि मध्य प्रांतातले थोडे बळ यावर देशाच्या घटनेच्या वाटाघाटीत कोण बसू देईल? अखिल भारतीय संघटना हवी होती, आणि देशभर एकाच आधारावर ती तातडीने उभी राहू शकत होती, ती म्हणजे अनुसूचित जाती. फेडरेशनचे अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज, सरचिटणीस राजभोज. मद्रासमध्ये खोती नाही, साचाखातेही नाही. तिथे मजूर पक्षाचा कोकणी अनुभव कामाचा नव्हता.

तेव्हा विधानसभा बंद पडल्याने पक्षाचे काम थांबले हे खरे. तो दुरुस्त न करता बदलला का गेला, याचे उत्तर मात्र दिल्लीच्या वाटाघाटींतच आहे.

धोटा
आणि बदलून निवडणुकीत काय मिळाले? १९४६ ला मुंबईत फेडरेशनची वाताहत. १९५२ ला लोकसभेत दोनच: सोलापूरहून राजभोज, करीमनगरहून एम. आर. कृष्णा. १९३७ चा निकाल पुन्हा कधीच जमला नाही.

पाणवठा
@धोटा, ही तुलना सरळ करता येणार नाही. १९३७ ला मते एकवटता येत होती आणि मतदार मोजके. १९५२ ला प्रौढ मताधिकार, द्विसदस्यीय मतदारसंघ, आणि मतदाराने दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. एकाला दोन दिली तर चालत नाही. @कलम २९९ यांनी वर सांगितलेला वाटून देण्याचा धोका नेमका तिथे प्रत्यक्षात आला. पक्षाचे नाव मजूर असो की फेडरेशन, या पद्धतीत अल्पसंख्य मतांची किंमत पडतेच.

आणि कार्यक्रम कुठे गेला म्हणाल, तर १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह बघा. पुढे कोण, तर १९३७ ला याच पक्षातून नाशिकहून आलेले दादासाहेब गायकवाड.

तलाठी नव्हे
गायकवाडांच्या सत्याग्रहावर वेगळा धागा काढा कोणीतरी. पडीक जमीन, गायरान आणि वनजमीन या तिघांची नोंद सातबारावर वेगवेगळी होते, आणि मागणीत तिन्ही होत्या. इथे लिहायला गेलो तर हा धागा दोनशेवर जाईल.

शंकासुर
काढा. मी पहिला विरोधी प्रतिसाद राखून ठेवतो.